मोजून आणलेलं वाण

संक्रांत जवळ आली की माझं डोकं फिरतं. शिरूरच्या बाजारपेठेत डिसेंबर संपायच्या आतच रस्त्याच्या कडेला प्लास्टिकचे ढीग लागतात. साबणाच्या डब्या, चहाच्या गाळण्या, किसण्या, मिठाच्या बरण्या, चमचे उभे करायचे डबे. वर पाटी असते, ‘हळदी-कुंकवाचे वाण होलसेल भावात’. बायका वाकून वाकून निवडत असतात आणि त्यातली एकही वस्तू कुणाला खरोखर हवी असते असं नाही. जिला द्यायची तिच्याकडे आधीच सहा असतात, जी देते तिच्याकडे आठ. हे सगळं मला कळतं. शाळेत मुलांना काटकसरीवर निबंध लिहायला मीच लावते. आणि तरीही दरवर्षी मी त्याच ढिगापाशी वाकलेली असते. स्वतःवर चडफडत दोन डझन गाळण्या घेऊन घरी येते, त्या पलंगाखाली सरकवते आणि मग दिवसभर मला जगदाळेवहिनी आठवत राहतात.

लग्न होऊन मी दौंडच्या रेल्वे कॉलनीत आले ती नव्वद-एक्क्याण्णवच्या सुमाराला. नवरा रेल्वेत क्लार्क, मला गावातल्या शाळेत नोकरी. आमच्या क्वार्टरच्या भिंतीला भिंत लावून जगदाळ्यांची क्वार्टर होती. नामदेवराव जगदाळे मालगाडीवर गार्ड. माणूस इतका अबोल की महिनाभर मला वाटायचं, शेजारी वहिनी आणि मुलंच राहतात. त्या घरातलं सगळं बोलणं वहिनींच्या वाट्याला आलं होतं आणि त्यांनी ते मनापासून स्वीकारलं होतं. माहेर यवतजवळचं कासुर्डी, शिक्षण चौथी पास, अंगाने उंच आणि हाडापेराने मजबूत. माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठ्या, पण मी शिक्षिका म्हणून मला कायम ‘बाई’ आणि ‘तुम्ही’. दार वाजवणं त्यांना माहीतच नव्हतं. दार ढकलून थेट स्वयंपाकघरात यायच्या आणि येताना जे दिसेल ते बोटाच्या मागच्या पेराने वाजवून बघायच्या. कलिंगड, मडकं, पातेली, गॅसची टाकी, क्वार्टरची भिंत, सगळं. आवाजावरून त्यांना म्हणे वस्तूचं पोट कळायचं.

पहिल्याच दिवशी त्यांनी माझ्या नव्या कोऱ्या डब्यावर टकटक केलं आणि म्हणाल्या, “बाई, ह्यो डबा लई पातळ हाय. आहेरातला दिसतोय.”

आहेरातलाच होता, आणि माझ्या सख्ख्या मामाने दिला होता. मला राग आला. वर्षाच्या आत त्या डब्याचा तळ गेला तेव्हा आणखी आला.

माझ्या माहेरी, शिरूरला, संक्रांतीचं वाण म्हणजे सुगडातलं. ओंजळभर बोरं, हरभऱ्याचे घाटे, गाजराचा तुकडा, उसाचं कांडं. आई ते पाच घरी देऊन यायची आणि संपली संक्रांत. कॉलनीत आले तर इथे वेगळाच थाट. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत रोज कुणाकडे ना कुणाकडे हळदी-कुंकू, आणि प्रत्येक घरी एक वस्तू ‘लुटायची’. पहिल्या वर्षी मला सात कंगवे मिळाले. माझे केस तेव्हाही फारसे नव्हते.

हे कंगवे कॉलनीत यायचे कुठून, तर जगदाळेवहिनींच्या पिशवीतून. दरवर्षी जानेवारी उजाडला की त्या सकाळच्या शटलने पुण्याला जायच्या, रविवार पेठेतून सगळ्या कॉलनीचं वाण घाऊक भावात आणायच्या. दुसऱ्या वर्षी मला बरोबर घेऊन गेल्या. गाडीत खिडकीशी बसून यवत आलं की त्या पदर सावरायच्या. “ती चिंच दिसती का? तिच्या मागं आमचं घर. म्हंजी भावाचं.” गाडी पुढे गेली तरी मान वळवून बघत राहायच्या.

रविवार पेठेच्या बोहरी आळीतल्या दुकानात त्यांनी साबणाची एक डबी उचलली, दोन्ही हातांनी पिळली, वाजवली, नाकाला लावली. मग शेठला म्हणाल्या, “शेठ, डझनाचा भाव सांगू नका. मी डझनानं घेणारी दिसते का? मी कॉलनीची बाई हाय.”

शेठने मान हलवली. “बहेनजी, यापेक्षा खाली नाही येणार.”

“आसूं द्या. तुम्ही काय खाली येत न्हाई आन् आमची गाडी संध्याकाळची हाय.” एवढं बोलून त्या चक्क दुकानाच्या पायरीवर बसल्या आणि जेवणाचा डबा उघडला. गिऱ्हाइकं त्यांना ओलांडून आत जायला लागली. मी शरमेने समोरच्या दुकानातल्या झाडूंकडे बघत उभी. वहिनींनी भाकरीचा चतकोर मोडला, त्यावर ठेचा ठेवला आणि हात लांब करून शेठपुढे धरला. “खावा. कासुर्डीची बाजरी हाय, पुण्यात मिळायची न्हाई.” शेठ नको नको म्हणत घेऊन बसला. ठेच्याने त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. पाणी प्यायला, हसला आणि भाव उतरवला. परतीच्या गाडीत मी म्हटलं, “वहिनी, कसं वाटतं हो असं पायरीवर बसायला?” त्या म्हणाल्या, “गार वाटतं. फरशी हुती.”

पुढची सगळी योजना त्यांच्या डोक्यात असायची. कागद नाही, यादी नाही. कुणाचं वाण काय हे त्याच ठरवायच्या आणि कुणाला दुसरीचं कळू द्यायच्या नाहीत, म्हणजे एकसारखं होत नाही आणि उत्सुकताही राहते. “औंदा तुमची चाळणी. तुम्ही म्हणून सांगते, कुलथेकाकूंचा डबा हाय, तवा तुम्ही चाळणीच्या खाली उतरू नका, बरं दिसणार न्हाई.” कुलथेकाकू म्हणजे कॉलनीतल्या सर्वांत ज्येष्ठ बाई. हळदी-कुंकवाचे सगळे नियम त्यांच्याकडे विचारायचे असा प्रघात होता आणि कुणी विचारले नाहीत तर त्या आपणहून सांगायच्या. त्यांचं वाण सगळ्यांत मोठं असलंच पाहिजे हा त्यातला न सांगितलेला नियम. त्यामुळे एका वर्षी प्लास्टिकचा डबा, तर पुढच्या वर्षी बाकीच्या डब्यावर येणार, मग काकूंना स्टील. स्टीलवर बाकीच्या आल्या की काकूंना झाकणाचं स्टील. पगार वाढत होते, टीव्हीवर जाहिराती वाढत होत्या आणि आमच्या वाणाला दरवर्षी एक नवं झाकण येत होतं. याला तेल घालायचं काम जगदाळेवहिनी करत होत्या, हे मी स्वच्छ बघत होते. मला त्यांची चीड यायची आणि त्यांच्याशिवाय करमायचंही नाही.

त्यांच्याकडचं हळदी-कुंकू मात्र बघण्यासारखं. दारातच थांबवून उखाणा घ्यायला लावायच्या, आणि सुरुवात स्वतःपासून. “साठ डब्यांची मालगाडी, मागं लाल दिवा, नामदेवरावांचं नाव घेते, वाण हितं ठेवा,” म्हणत पदर पसरायच्या. आपल्याच घरी, वाण द्यायचं सोडून त्या स्वतःच मागायच्या आणि बायका हसून हसून लोळायच्या. आत नामदेवराव ड्यूटीवरून येऊन झोपलेले असले तर त्या हसण्याने उठायचे आणि मुकाट्याने शर्ट चढवून स्टेशनकडे चालायला लागायचे.

चौथ्या का पाचव्या वर्षी माझा माळा भरला. एका रविवारी मी सगळं खाली काढलं. साबणाच्या डब्याच एकोणीस निघाल्या. मला इतका संताप आला की मी ठरवलं, यंदा आपण बंड करायचं. शिरूरला जाऊन आईकडून बोरं, घाटे, ऊस आणला, कागदाचे कोन केले आणि हळदी-कुंकवाला तेच दिलं.

“छान हो,” कुलथेकाकू म्हणाल्या. “अगदी जुन्या पद्धतीचं.” आणि कोन असा दोन बोटांत धरला की त्यात पाल असावी. दोन दिवसांनी नळावर माझ्या कानांवर आलं, बाई पगार पोस्टात टाकतात वाटतं. त्याच संध्याकाळी जगदाळेवहिनी आल्या. त्या दिवशी त्यांनी काहीही वाजवलं नाही, त्यावरूनच मी ओळखलं.

“बाई, तुम्ही माझं नाक कापलं.”

“वहिनी, ते प्लास्टिक कुणाला हवंय? तुम्हाला तरी हवंय का?”

“मला काय करायच्यात साबणाच्या डब्या? आमच्यात एकच साबण हाय, त्यो बी मोरीत पडल्याला असतो.”

“मग कशासाठी चाललंय हे सगळं?”

त्या खाली बसल्या. “माझ्या आईला उभ्या जन्मात कुणी काय दिलं न्हाई. बाप लुगडं आणायचा ते बी ऐकवून आणायचा. वर्सातनं एकदा संक्रांतीला पाच घरच्या बाया तिच्या वटीत काय तरी टाकायच्या. न मागता. कुणी काचेची बांगडी, कुणी फणी, कुणी लाकडी डबी. ते सगळं ती फडताळात मांडायची आन् आल्यागेल्याला दाखवायची, ही पाटलीणकाकूची, ही सुताराच्या सखूची. वस्तूचं कवतिक न्हवतं ओ. आपल्याला बी बायांनी त्यांच्यात धरलंय, ह्याचं हुतं.”

“उसाचं कांडंसुद्धा मी न मागताच दिलं की.”

“ते खाऊन संपतं,” वहिनी म्हणाल्या आणि उठून गेल्या.

याला माझ्याकडे उत्तर होतं. माणसाने धरलं आहे हे सांगायला पुण्याहून पोतं आणावं लागत असेल तर धरण्यातच काहीतरी खोट आहे, असं काहीसं. पण मी ते बोलले नाही. त्या निम्म्या बरोबर होत्या. पूर्ण चुकलेल्या माणसाशी भांडता येतं, निम्म्या बरोबर असलेल्याशी भांडायला लागलं की आपलीच दमछाक होते. पुढच्या वर्षी मी मुकाट्याने किसण्या वाटल्या.

त्यानंतर तीन वर्षांनी दिवाळीच्या आधी नामदेवरावांना गाडीवरच छातीत दुखायला लागलं. पाटसला उतरवलं, पुण्याला नेलं. तिसऱ्या दिवशी गेले. वहिनी दहा-पंधरा दिवस काहीच बोलल्या नाहीत, आणि भिंतीपलीकडची ती शांतता मला सहन व्हायची नाही. मोठ्या मुलाला वडिलांच्या जागी रेल्वेत घेतलं म्हणून क्वार्टर राहिली. हळूहळू त्या पुन्हा यायला लागल्या, दार ढकलूनच. कपाळ मोकळं. मी त्यांच्या डोळ्यांकडे बघून बोलायची सवय करून घेतली, कपाळाकडे नजर जायला नको म्हणून.

जानेवारी आला. कुलथेकाकूंकडे आम्ही पाच-सहाजणी जमलो होतो. यंदा वाण कोण आणणार, असा प्रश्न निघाला. कुणालाच ती दुकानं नीट माहीत नव्हती, भाव करायची कुणाची छाती नव्हती. काकू म्हणाल्या, “जगदाळेबाईंनाच सांगू या. त्यांचाही तेवढाच जीव रमेल.” सगळ्यांनी हो हो केलं. सगळ्यांना फार बरं वाटलं, जणू काही आम्ही त्यांच्यासाठीच काहीतरी करत होतो. त्यांना हळदी-कुंकवाला बोलवायचं का, हे कुणी विचारलं नाही. उत्तर सगळ्यांना पाठ होतं. मीही तिथे होते. शाळेत जोतीराव-सावित्रीबाईंच्या धड्यावर वर्गाच्या डोळ्यांत पाणी आणणारी मी, तिथे बशीतल्या तिळाच्या वड्या मोजत बसले होते.

शेजारीण म्हणून निरोप मीच द्यायचा ठरला. वहिनी तांदूळ निवडत होत्या. त्यांनी ऐकून घेतलं आणि हात न थांबवता विचारलं, “तुमच्याकडं किती बाया?”

“चोवीस.”

“साळवेसिस्टर धरून?”

“धरून.”

“मग झाकणाची वाटी घेऊ. स्टीलची. मागं दिलेली किसणी लई बोथट निघाली, लोक नावं ठेवत हुते.”

साळवेसिस्टर रेल्वेच्या दवाखान्यात नर्स होत्या. बौद्ध होत्या, कुंकू लावून घ्यायच्या नाहीत, पण तिळगूळ घ्यायला प्रत्येक घरी न चुकता यायच्या. “कुंकू राहू द्या. ती चाळणी मात्र द्या, घरातली मोडलीय,” असं सरळ सांगायच्या. त्यांचं कुणी मनावर घ्यायचं नाही, कारण रात्री-अपरात्री मूल तापलं की आम्ही त्यांचंच दार वाजवत होतो.

वहिनी पुण्याला एकट्या गेल्या. माझी शाळा होती, असं मी सांगितलं. शाळा होतीच, पण रजाही होती. त्यांनी सगळ्यांचं आणलं, माझ्या वाट्या मात्र दुकानात शिल्लक नव्हत्या. नवा माल शनिवारी येणार होता, आणि माझं हळदी-कुंकू शनिवारीच. “मी सकाळी जाऊन दुपारच्या गाडीनं घेऊन येते,” त्या म्हणाल्या. मी म्हटलं, “कशाला एवढा त्रास?” पण नको म्हटलं नाही.

शनिवारी चार वाजता बायका यायला लागल्या. सतरंजी भरत आली. मी काळी चंद्रकळा नेसून, हातात करंडा घेऊन दारात उभी होते. कुलथेकाकूंना हळद लावली, कुंकू लावलं आणि मान वर केली तर त्यांच्या मागे पायरीच्या खाली जगदाळेवहिनी उभ्या होत्या. दोन्ही हातांत पिशव्या. स्टेशनपासून चालत आल्या होत्या, कपाळावर घाम होता. माझं बोट अजून करंड्यातच होतं.

हे सगळं किती सोपं होतं ते सांगते. एक पायरी उतरायची आणि हात उचलायचा. एवढंच. काकूंनी तोंड वाकडं केलं असतं, दोघीतिघी कुजबुजल्या असत्या, नळावर आठवडाभर चर्चा झाली असती. त्यापलीकडे काही झालं नसतं. माझी नोकरी गेली नसती की नवऱ्याने घराबाहेर काढलं नसतं. वहिनी नुसत्या माझ्याकडे बघत होत्या. आणि मी म्हटलं, “वहिनी, मागच्या दाराने येता का? पिशव्या स्वयंपाकघरातच ठेवा.”

“व्हय, व्हय,” त्या म्हणाल्या आणि क्वार्टरला वळसा घालून गेल्या.

पुढचा तासभर त्या आत ओट्यापाशी बसून होत्या. वाट्यांवरच्या चिकटवलेल्या चिठ्ठ्या नखाने खरवडत होत्या, ओल्या फडक्याने प्रत्येक वाटी पुसत होत्या आणि ताटात रचून पडद्यातून माझ्या हातात देत होत्या. मी ती ताटं बाहेर नेऊन वाटत होते. बायका झाकण उघडून बघत होत्या, वा वा म्हणत होत्या. एकीने विचारलंही, “कुठून आणल्या हो?” मी म्हटलं, “पुण्याहून.”

साळवेसिस्टर ड्यूटी संपवून उशिरा आल्या. तिळगूळ घेतला, इकडेतिकडे पाहिलं. “जगदाळेबाई दिसत नाहीत?”

कुलथेकाकू म्हणाल्या, “त्या आत आहेत. मदतीला.”

सिस्टरांनी माझ्याकडे पाहिलं. हातातली बशी तशीच घेऊन उठल्या, पडदा बाजूला करून आत गेल्या आणि फरशीवर बसल्या. बाहेर आम्हाला त्यांचं बोलणं ऐकू येत होतं. गुडघ्याला कुठलं तेल लावावं आणि जिना चढताना कुठला पाय आधी टाकावा. मध्ये एकदा वहिनी हसल्याही. त्या वेळी मला राग कुणाचा आला असेल, तर साळवेसिस्टरांचा. माझ्या घरी येऊन, माझ्याच बायकांसमोर ही मोठेपणा मिरवते आहे, असं मला वाटलं. हे लिहायला लाज वाटते, पण तसंच वाटलं होतं.

बायका गेल्यावर मी आत आले तर स्वयंपाकघर रिकामं होतं. कपबशा धुऊन पालथ्या घातल्या होत्या. मागचं दार बाहेरून ओढून घेतलेलं होतं.

रात्रभर माझा डोळा लागला नाही म्हणावं, तर तसंही नाही. थकले होते, झोपले. सकाळी उठल्यावर मात्र चैन पडेना. एक वाटी उरली होती. ती वर्तमानपत्रात गुंडाळून मी शेजारी गेले. वहिनींनी कागद उलगडला.

“ही कुठनं आली?”

“एक जास्तीची होती.”

“न्हवती. मी मोजून आणल्यात. चोवीस बाया, चोवीस वाट्या.” त्यांनी क्षणभर विचार केला. “काल कोण आलं न्हाई?”

मला खोटं सुचलं नाही. “जोशीकाकू. माहेरी गेल्यात.”

“मग ही त्यांची हाय. त्यांस्नी द्या.” त्यांनी वाटी पुन्हा कागदात गुंडाळली, घड्या होत्या तशाच.

“वहिनी, तुम्ही स्वतःची का नाही आणलीत एक?”

“मी धरून काय उपेग?” त्या म्हणाल्या. “धरायचं तुम्ही हुतं. मी इचारलं की, किती बाया. तुम्ही चोवीस म्हणाला.”

मग त्यांनी चहा टाकला. मी तो प्याले. साखर जास्त झाली होती, त्यांच्याकडे नेहमीच व्हायची. आम्ही मुलाच्या नोकरीबद्दल बोललो. माफी मागायला मी तोंड उघडलं तेव्हा त्यांनी दुधाचं पातेलं उतरवायला पाठ फिरवली, आणि मला ती पाठ फार सोयीची वाटली.

पुढच्या वर्षी कुलथेकाकूंनी पुन्हा निरोप पाठवला. वहिनींनी गुडघ्याचं कारण सांगितलं. काकूंना राग आला, पण फार अडलं नाही. तोपर्यंत दौंडच्या बाजारातच वाणाचे ढीग लागायला लागले होते. पुण्याला जायला नको, पायरीवर बसायला नको, ठेचा नको. हव्या त्या बाईने हवं ते उचलावं. मला आजही याचीच जास्त चीड येते. निदान वहिनींच्या पोत्यातली प्रत्येक वस्तू कुणाचं तरी नाव घेऊन आलेली असायची. ढिगातल्या वस्तूला कुणाचंच नाव नसतं. आणि ज्या बाईने आठ-दहा वर्षं आमची नावं डोक्यात वागवली, तिची गरज आम्हाला एका हंगामात उरली नाही.

मग आम्ही शिरूरला घर बांधलं, मी बदली करून घेतली. चार वर्षं गेली. रांजणगावच्या कारखान्यांमुळे शिरूरला पैसा आला होता, आमच्या गल्लीत बायका हळदी-कुंकवाला आता कॅसरोल वाटत होत्या. एका जानेवारीत मी मनाशी पक्कं केलं आणि दौंडला वहिनींच्या मुलाकडे फोन केला. आईला हळदी-कुंकवाला पाठव, म्हटलं. तो म्हणाला, “सांगतो.”

त्या आल्या. न्हावऱ्यावरून येणाऱ्या एसटीने, एकट्या. चांगल्याच वाकल्या होत्या. मी त्यांना सतरंजीवर नाही, भिंतीशी खुर्चीवर बसवलं, गुडघ्यांसाठी. गल्लीतल्या पंधरा-वीस बायका बसलेल्या होत्या. मी करंडा उचलला आणि सगळ्यांत आधी त्यांच्याकडे गेले. खोलीतलं बोलणं कमी कमी होत थांबलं. बायकांना त्यांचं मोकळं कपाळ दिसत होतं आणि माझ्या हातातला करंडाही. मी बोट कुंकवात बुडवलं. या वेळी मी हात मागे घेणार नव्हते.

वहिनींनी माझं मनगट धरलं. हलकेच धरलं, पण हात पुढे जाऊ दिला नाही.

“आता नको गं,” त्या म्हणाल्या. इतक्या वर्षांत मला त्या पहिल्यांदाच अशा एकेरीत बोलल्या. आवाज इतका हळू की शेजारच्या बाईलाही ऐकू गेला नसेल. “तवा पायजे हुतं.”

त्यांनीच माझा हात खाली केला आणि मोठ्याने म्हणाल्या, “तिळगूळ द्या की बाई, लांबनं आलीय मी.” बायका हसल्या, खोली मोकळी झाली. अर्धा तास त्या बसल्या. गल्लीतल्या बायकांना त्यांनी मालगाडीच्या, बोहरी आळीच्या गोष्टी सांगितल्या. एकीला तर त्या इतक्या आवडल्या की तिने त्यांना आपल्या घरी यायचं आमंत्रण दिलं. वहिनींनी वाण मात्र घेतलं नाही. म्हणाल्या, मुलाची क्वार्टर लहान आहे, ठेवायला जागा नाही.

पाचच्या गाडीला मी त्यांना स्टँडवर सोडायला गेले. घरी अजून निम्म्या बायका यायच्या होत्या. वहिनी खिडकीशी बसल्या, पिशवी मांडीवर घेतली. गाडी सुटायला वेळ होता. मी खिडकीखाली उभी राहून म्हटलं, “वहिनी, मी तेव्हा...”

“जा तू,” त्या म्हणाल्या. “बाया खोळंबल्या असतील.”

खोळंबल्या होत्याच. मी गाडी सुटायची वाट न बघता घरी आले, करंडा उचलला आणि दारात उभ्या असलेल्या बाईच्या कपाळाला कुंकू लावलं.